बाळ पिताना चावते तेव्हा : घरी येणाऱ्या स्तनपान सल्लागाराच्या सेवेचे परीक्षण

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दूध कमी उतरत असेल किंवा बाळ नीट ओढत नसेल तर स्तनपान सल्लागारांना घरी बोलावता येते, हे आता शहरांतल्या बऱ्याच घरांना ठाऊक आहे. दात आलेले बाळ पिताना चावू लागले तरी हीच सेवा घेता येते, हे मात्र कोणी सांगत नाही. आमची मुलगी आठव्या महिन्यात असताना हा त्रास इतका वाढला की तिला जवळ घेण्याच्या विचारानेही माझे खांदे आखडत असत. ‘आता अंगावरचे तोड’ असा सल्ला घरातून, शेजारातून आणि मालिशवाल्या मावशींकडूनही मिळू लागला होता. त्या वेळी डोंबिवलीत आमच्या घरी आलेल्या सल्लागारांच्या भेटीमुळे आमचे स्तनपान टिकले, म्हणून या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे. त्या स्वतंत्रपणे काम करतात आणि त्यांचे नाव मी येथे देत नाही. अशी सेवा निवडताना काय पाहावे, यावरच माझा भर आहे.

बहुतेक बाळांचे खालचे पुढचे दोन दात सहाव्या महिन्याच्या आसपास दिसू लागतात आणि वरचे त्यानंतर काही महिन्यांत येतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान सुरू ठेवावे. म्हणजे स्तनपानाचा मोठा भाग बाळाच्या तोंडात दात असतानाच पार पडायचा असतो. आपल्याकडे २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ही रजा संपणे, वरचे अन्न सुरू होणे, आईच्या गैरहजेरीत बाटली किंवा वाटी-चमच्याने दूध पाजणे आणि दात येणे हे सगळे जवळजवळ एकाच सुमारास घडते. त्यामुळे चावण्याचे खापर दातांवर फोडून आपण मोकळे होतो आणि बाकीच्या कारणांकडे पाहायचे राहून जाते. सल्लागारांनी पहिल्याच फोनवर विचारलेले प्रश्न या बाकीच्या कारणांविषयी होते, आणि तेथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

बाळ पिण्याच्या सुरुवातीला चावते की शेवटी, एकाच बाजूला की दोन्हीकडे, दिवसा की रात्री, त्याला सर्दी झाली आहे का, बाटली सुरू केली आहे का, वरचे अन्न पाजण्याच्या किती आधी दिले जाते, असे त्यांनी एकेक करून विचारले. मला ताप आहे का, छातीत कुठे लाल, गरम किंवा दगडासारखा कडक भाग जाणवतो का, हेही त्यांनी विचारून घेतले. यांपैकी काही असते तर आधी डॉक्टरांना दाखवा, माझी भेट नंतर ठरवू, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. भेटीची वेळ बाळाच्या भुकेप्रमाणे ठरवली. फी दोन हजारांच्या आसपास होती. प्रवासखर्च आणि त्यानंतरच्या आठवडाभराच्या शंका त्यातच धरलेल्या होत्या. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम किरकोळ नाही, म्हणून त्या बदल्यात काय मिळाले हे नीट सांगायला हवे.

आल्यावर त्यांनी साबणाने हात धुतले आणि खुर्ची नाकारून त्या पलंगाशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या, कारण त्यामुळे बाळाची हनुवटी त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत येत होती. नेहमी जशी पाजता तशीच पाजा, मी आहे हे विसरा, एवढेच म्हणून त्यांनी बोलणे थांबवले. मुलीने सुरुवातीला भराभर ओढले, मग पान्हा फुटला आणि तिचे ओढणे संथ व लांब झाले. तिच्या कानापुढचा भाग प्रत्येक घोटाबरोबर हलत होता. त्यांनी माझे बोट धरून तेथे अलगद टेकवले, तेव्हा ती हालचाल मला प्रथमच इतकी स्पष्ट जाणवली. एक-दोनदा ओढले की एक घोट, असा तो क्रम होता आणि गिळल्याचा बारीक आवाजही ऐकू येत होता. काही मिनिटांनी घोटांमधले अंतर वाढले, हनुवटी नुसती थरथरल्यासारखी हलू लागली, ओठ पुढे सरकून स्तनाग्राच्या टोकाशी आले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, आता बघा, जीभ मागे गेली. चावण्याची वेळ हीच आहे.” आणि तिचा जबडा ताठ होतो न होतो तोच त्यांनी मला बाळाला सोडवायला सांगितले.

त्यामागचे कारण त्यांनी मग समजावून दिले. बाळ नीट पीत असते तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे आलेली असते आणि खालचे दात तिच्याखाली झाकले जातात. स्तनाग्र तोंडात खूप आत, मऊ टाळूपर्यंत गेलेले असते. त्या अवस्थेत बाळाला दात रोवायचे झाले तर आधी स्वतःच्याच जिभेवर रोवावे लागतील. दुधाचा ओघ कमी झाला, पोट भरले किंवा लक्ष दुसरीकडे गेले की पकड सैल होते, स्तनाग्र पुढे घसरते, जीभ मागे जाते आणि हिरड्यांना शिवशिव असेल तर जे दातांखाली येईल ते चावले जाते. दात आले म्हणून अंगावरचे तोडायला हवे, या समजाला यात आधार नाही. हजारो माता दात असलेल्या बाळांना विनात्रास पाजतात. आपल्याला फक्त तो क्षण ओळखून त्याच्या आधी बाळाला बाजूला घ्यायचे असते. हे वाक्य मी आधीही कुणाकुणाकडून ऐकले होते, परंतु तो क्षण आपल्याच बाळाच्या जबड्यावर, बोटाखाली ओळखायला शिकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी कोणीतरी शेजारी बसावेच लागते.

सोडवण्याची रीतही त्यांनी हाताने करून दाखवली. नख कापलेली स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवायची, ती दोन्ही हिरड्यांच्या मध्ये पुरेशी आत जाऊ द्यायची, किंचित वळवायची, म्हणजे ओढण्याने तयार झालेली पोकळी सुटते आणि मग बोट तसेच आत ठेवून स्तन बाहेर काढायचा. बोट काढण्याची घाई केली तर जबडा मिटतो आणि जखम शेवटच्या क्षणी होते, हे त्यांनी दोनदा बजावले.

चावा बसलाच तर बाळाला झटक्याने ओढायचे नाही, कारण दातांत अडकलेली त्वचा त्याने अधिक फाटते. उलट बाळाला क्षणभर स्तनाशी आणखी जवळ घ्यायचे. नाकाशी किंचित अडथळा झाला की श्वासासाठी ते आपणहून तोंड उघडते. हे क्षणभरच करायचे असते आणि तोंड उघडताच करंगळी घालायची असते. त्यानंतर शांत, सपाट आवाजात ‘चावायचं नाही’ एवढेच म्हणून पाजणे थांबवायचे, बाळाला थोडा वेळ बाजूला ठेवायचे आणि हातात चावण्याजोगी वस्तू द्यायची. किंचाळू नका, असे त्या म्हणाल्या, तेव्हा वेदनेने तोंडून निघणारा आवाज कसा थांबवायचा असा प्रश्न मला पडला. त्यांचे उत्तर मला प्रामाणिक वाटले : आवाज निघाला तर निघाला, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका, पण मुद्दाम ओरडून शिकवायला जाऊ नका, कारण काही बाळे त्याने इतकी घाबरतात की पुढे काही दिवस अंगावर घेतच नाहीत. काही बाळांना तो आवाज गंमतीचा वाटून ती पुन्हा चावतात, हेही त्यांनी सांगितले.

माझ्या सासूबाई तेथेच बसल्या होत्या. गालावर टिचकी मारली की मूल लगेच सोडते, आमच्या वेळी असेच करत, असे त्यांनी सांगितले. सल्लागारांनी त्यांना मध्येच तोडले नाही. “काकू, सोडतं हे खरं, पण दचकल्यावर आधी जबडा आवळतं आणि मग सोडतं,” असे सांगून त्यांनी सासूबाईंनाच करंगळीची रीत दाखवली आणि रात्री मी झोपेत असले तर बाळ सोडवायला तुम्हीच मदत करा, असे काम त्यांच्याकडे सोपवले. घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घेण्याचे हे कौशल्य कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते, परंतु आपल्याकडच्या घरांत सल्ला पाळला जाणार की नाही, हे बरेचसे त्यावरच ठरते.

आमच्या बाबतीत त्यांना दोन कारणे सापडली. पहिले संध्याकाळचे : पाच वाजता नाचणीची खीर खाल्लेल्या मुलीला मी कामावरून आल्याबरोबर, तिला भूक असो वा नसो, छातीशी घेत असे, तिला तेव्हा दूध कमी आणि आई अधिक हवी असे. पोट भरलेले असल्याने ती थोडेसे ओढून खेळू लागे, दाराचा आवाज झाला की स्तनाग्र तोंडात धरूनच मान वळवी आणि त्याच भरात चावत असे. त्यावर त्यांनी सांगितले की आल्यावर आधी तिला नुसते मांडीवर घेऊन गप्पा मारा, ती स्वतः शोधू लागली तरच पाजा आणि ते दिवा मंद केलेल्या, दूरदर्शन बंद असलेल्या खोलीत पाजा. दुसरे रात्रीचे : कुशीवर निजून पाजताना मुलगी हळूहळू खाली सरकत होती, तिची हनुवटी तिच्याच छातीला टेकत होती आणि तोंड पूर्ण उघडत नव्हते. बाळाचे पोट आपल्या पोटाला लागलेले, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, स्तनाग्र आधी नाकासमोर आणि तोंड जांभईएवढे उघडल्यावरच आत, हनुवटी स्तनात रुतलेली व नाक मोकळे, अशी बैठक त्यांनी तिच्या पाठीशी दुपट्याची गुंडाळी लावून बसवून दिली. सर्दीच्या दिवसांत नाक चोंदल्यामुळे बाळ पकड सोडून श्वास घेते आणि तेव्हा चावे वाढतात, हा त्यांचा इशारा पुढे पावसाळ्यात तंतोतंत खरा ठरला.

आता ज्या वस्तू लोक या सेवेऐवजी विकत घेतात, त्यांविषयी. त्यांपैकी काही आमच्याकडे आधीच आणलेल्या होत्या. शुद्ध लॅनोलिनचे मलम जखमेवर खरोखर आराम देते आणि पाजण्यापूर्वी पुसावे लागत नाही. लोकरीच्या मेणापासून ते बनवतात, त्यामुळे ज्यांना लोकरीची ॲलर्जी आहे त्यांनी ते टाळावे. पाजून झाल्यावर आपलेच चार थेंब दूध स्तनाग्रावर चोळून वाऱ्यावर सुकू देणे हा बिनखर्चाचा उपायही त्यांनी सांगितला आणि चाव्यानंतर लगेच थंड पाण्याच्या घडीने शेकायला सांगितले. खोल जखम असेल तर त्या बाजूचे दूध एक-दोन दिवस हाताने किंवा पंपाने काढावे, पण बाजू रिकामी करणे थांबवू नये, नाहीतर गाठ होऊन ताप येतो. स्तनाग्रावर बसवायचे सिलिकॉनचे आवरण, म्हणजे निपल शील्ड, मात्र चावण्यावरचा इलाज नव्हे. बाळ ते चघळू लागते, पकड उथळ होते आणि माप चुकले तर दूधही कमी निघते. माझ्या मते त्यावर पैसे घालवू नयेत.

चावण्याच्या खेळण्यांत अखंड सिलिकॉनचे, जोड नसलेले खेळणे उत्तम. आत द्रव भरलेली खेळणी दातांनी फुटू शकतात. खेळणे फ्रिजमध्ये गार करावे, बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठवू नये, कारण दगडासारखे कडक झालेले खेळणे हिरड्यांना इजा करते. स्वच्छ धुतलेले सुती फडके ओले करून गार केले तरी आमच्या मुलीला ते खेळण्याइतकेच आवडे. पाजण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी ते चावायला दिले की पुढचे पाजणे शांतपणे होई.

हिरड्या सुन्न करणारी जेल औषधाच्या दुकानांत सहज मिळतात, त्यांच्याबद्दल मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपल्याकडे लिग्नोकेन नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचे तोंडात लावायचे द्रावण दात येणाऱ्या बाळांना देऊ नये, असा इशारा २०१४ साली दिला आणि बेंझोकेन असलेली औषधे दोन वर्षांखालील मुलांना वापरू नयेत, असे २०१८ साली बजावले. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते. शिवाय पाजण्यापूर्वी जेल लावले तर बाळाची जीभ बधिर होऊन पकड आणखी बिघडते, म्हणजे ज्यासाठी ते लावले तेच वाढते. आपल्या घरांत मधातून टाकणखाराची लाही हिरड्यांना लावण्याची जुनी पद्धत आहे, तीही सोडलीच पाहिजे : एक वर्षाच्या आत मध दिल्याने विषबाधेचा एक दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो आणि टाकणखार बाळाच्या शरीराला विषारी आहे. सल्लागारांनी हे सासूबाईंच्या देखत, त्यांचा अवमान न करता, पण जराही गुळमुळीतपणा न ठेवता सांगितले. दात येताना जास्त ताप येत नाही, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर ते दातांवर न ढकलता डॉक्टरांकडे जायचे, आणि वेदनाशामक औषध वजनाप्रमाणे त्यांनीच ठरवायचे.

त्या कोणतीही वस्तू विकत नाहीत आणि कोणत्याही कंपनीचे नाव सुचवत नाहीत, हे मी या सेवेचे मोठे बलस्थान मानते. भारतात १९९२ च्या कायद्याने शिशुदुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या प्रचारावर निर्बंध घातले आणि २००३ च्या दुरुस्तीने ते आणखी कडक केले. आरोग्यसेवकांना अशा कंपन्यांनी भेटी किंवा मोफत नमुने देणेही त्यात निषिद्ध आहे. घरी येणारा सल्लागार पिशवीतून पावडरचा डबा किंवा बाटली काढत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

उणिवाही आहेत. त्यांनी मागे ठेवलेले माहितीपत्रक इंग्रजीत होते. माझे निभावले, पण दिवसभर मुलीला सांभाळणाऱ्या सासूबाईंना त्याचा काही उपयोग झाला नाही. मराठीत, चित्रांसह एक पान जरी असते तरी भेटीची किंमत वाढली असती. भेटी फक्त कामाच्या दिवशी आणि दिवसा मिळतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्या आईला रजा टाकावी लागते आणि आमच्याकडे सगळ्यांत त्रासदायक असलेले रात्रीचे पाजणे त्यांना प्रत्यक्ष पाहता आले नाही; पलंगावर निजून ते करून दाखवावे लागले. संदेशांना उत्तरे मिळाली, पण कधी कधी दुसऱ्या दिवशी, आणि चाव्याने रक्त आले असेल तेव्हा तेवढा धीर धरणे अवघड जाते. पहिल्या भेटीनंतर चावणे एकदम थांबले असेही नाही. ते हळूहळू विरळ झाले, वरचे दात येताना पुन्हा वाढले आणि करंगळीची रीत अंगवळणी पडल्यावर त्याची भीती गेली.

ज्यांना ही फी परवडत नाही त्यांनी हताश होऊ नये. केंद्र सरकारने २०१६ साली स्तनपानाला पाठबळ देण्यासाठी ‘मा’ हा कार्यक्रम सुरू केला आणि २०१८ पासूनच्या घरभेटींच्या योजनेत आशाताईंनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत बाळाच्या घरी जायचे असते. सहावा आणि नववा महिना हे नेमके चावण्याच्या तक्रारींचे महिने आहेत, तेव्हा त्या भेटीत वजन आणि लसीकरणाबरोबर हा विषयही आपणहून काढावा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. स्तनपानाला असे महत्त्व देणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या बालरोग किंवा प्रसूती विभागात जाऊन स्तनपानाविषयी मार्गदर्शन मिळते का, याची चौकशी करणे योग्य ठरेल.

खासगी सेवा घ्यायची ठरली, तर पात्रता विचारायला संकोचू नये. आयबीसीएलसी हे या क्षेत्रातले आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे आणि ते मुदतीने नव्याने मिळवावे लागते, म्हणून ते चालू आहे का, हेही विचारावे. आणखी एक प्रश्न फोनवरच विचारावा : भेटीत एक पूर्ण पाजणे, सुरुवातीपासून बाळ सोडेपर्यंत, शेजारी बसून पाहाल का? नुसते बोलणे आणि बाहुलीवरचे प्रात्यक्षिक मिळणार असेल तर ते फोनवरून स्वस्तात होते. दोन हजार रुपये द्यायचे ते त्या शेवटच्या चार-पाच मिनिटांसाठी, जेव्हा घोट थांबतात आणि जबडा ताठ होऊ लागतो.